चाळीसची वायल आणि माझी सही

फळ्यावर 'हाफ लाइफ' लिहून मी मागं वळले आणि शेजारच्या वर्गातून मोठा हशा आला. हाफ लाइफ म्हणजे शरीरात गेलेलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. एकोणीस वर्षं मी हे शिकवत होते आणि एकोणीस वर्षांत एकदाही कुणी हसलं नव्हतं. त्यात हसण्यासारखं आहे काय? पण भिंतीपलीकडं चौगुले मॅडम फर्स्ट इयरला ओआरएस कसं कालवायचं ते शिकवत होत्या. मीठ, साखर आणि पाणी. त्यात तरी हसण्यासारखं काय होतं, मला सांगा. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली माना वळवून त्या भिंतीकडं बघत होत्या.

"काय बघताय तिकडं? भिंत पडणार हाय काय?" मी ओरडले.

माना सरळ झाल्या. कुणी हसलं नाही.

मी कोल्हापुरात एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. सेकंड इयरला फार्माकॉलॉजी शिकवायचे. फार्माकॉलॉजी म्हणजे औषधांचा अभ्यास. औषध शरीरात जाऊन काय करतं, शरीर त्या औषधाचं काय करतं, किती दिलं तर उपयोग आणि किती दिलं तर घात. डॉक्टर लिहितो, पण रोग्याच्या अंगात ते घालते नर्स. म्हणून चुकायची शेवटची जागा आणि चूक पकडायची शेवटची जागा, दोन्ही तिचीच. हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते. मुली ते वहीत लिहून घेतात आणि जांभई देतात.

चौगुले मॅडम आल्या त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. मूळच्या पेठ वडगावच्या. वय बत्तीस. मस्कतला एका मोठ्या हॉस्पिटलात तीन वर्षं स्टाफ नर्स होत्या, तिथून परत येऊन आमच्याकडं ट्यूटर झाल्या. मस्कत हा शब्द ऐकला की मी विषय बदलायचे. मलाही पंचवीस वर्षांपूर्वी तिकडची ऑफर आली होती. सासूबाईंनी नको म्हटलं, ह्यांनी मान डोलावली, विषय संपला. आणि ही बया तिकडनं फिरून, पांढरे शुभ्र बूट घालून, माझ्याच स्टाफरूममध्ये माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसली.

खोटं कशाला बोलू, मी जळत होते. मुली तिच्या डब्यात भाजी वाढायच्या. टीचर्स डेला तिच्याबरोबर फोटो काढायला रांग लागली होती. मी रांगेच्या शेजारून दोनदा गेले, उगाच. एकीनं विचारलं, "मॅडम, जरा आमचा फोटो काढता?" मी काढला. त्यात तिचं डोकं अर्धं कापलं गेलं, आणि ते चुकून नव्हतं.

घरी हे मला म्हणायचे, "अगं, पोरगी तुझ्या निम्म्या वयाची हाय. तिच्यावर काय जळतीस?"

"निम्म्या नाही. बत्तीस आहे ती."

"म्हणजे वय पण मोजून ठेवलंस व्हय?"

ऑगस्टात प्रिन्सिपल देसाई मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मुलींनी भरलेले फीडबॅक त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडे होते. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. 'मॅडमना विषय खूप येतो.' 'मॅडम शिस्तप्रिय आहेत.' 'जेवणानंतरचा तास असल्यामुळे झोप येते.'

"झोप तर सगळ्यांच्याच तासाला येते, मॅडम," मी म्हटलं.

"सगळ्यांच्या नाही." त्यांनी स्क्रीन परत स्वतःकडं फिरवली. "पोवार मॅडम, इन्सुलिनचा चॅप्टर यंदा चौगुलेंना घेऊ दे. बघू कसं होतंय. जमलं तर पुढच्या वर्षीपासून फार्माकॉलॉजी त्यांच्याकडं द्यायचा विचार आहे."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही फर्स्ट इयरचं फंडामेंटल्स घ्या. पाया भक्कम करायला अनुभवी माणूस पाहिजे."

फंडामेंटल्स म्हणजे बेड मेकिंग, बेडपॅन देणं, ताप बघणं. चादरीचा कोपरा किती अंशात दुमडायचा ते. एकोणीस वर्षं औषधं शिकवल्यावर मी आता चादरी दुमडायला शिकवायच्या. मी "बरं" म्हणून बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

आमच्या कॉलेजात एक नियम आहे. कुठल्याही ट्यूटरनं मुलींना वाटायचा कागद, म्हणजे हँडआउट, तो त्या विषयाच्या इनचार्जनं आधी वाचायचा, खाली 'तपासले' लिहून सही करायची, मगच त्याच्या झेरॉक्स काढायच्या. वॉर्डातसुद्धा असंच असतं. धोक्याचं औषध द्यायच्या आधी दुसऱ्या नर्सनं ते वेगळं तपासायचं. इन्सुलिन हे तसलंच औषध. फार्माकॉलॉजीची इनचार्ज मीच होते, म्हणजे चौगुलेचा कागद माझ्याकडंच येणार होता.

तो आला. एकच पान, रंगीत, सुंदर. इन्सुलिन रक्तातली साखर पेशीत नेतं, ते कधी सुरू होतं, कधी जोरात असतं, कधी उतरतं, सगळं छोट्या चित्रांत काढलेलं. मी एकोणीस वर्षांत असा कागद काढला नव्हता. ते बघूनच माझं डोकं फिरलं.

"मॅडम, जरा बघता काय?" चौगुले माझ्या टेबलाशी उभी होती. "तुमच्याइतकं हितं कुणाला येतंय? काय चुकलं असलं तर सांगा हां. तीन वर्षं तिकडं राहिलोय, हिकडचं बरंच विसरल्यासारखं झालंय."

आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मस्कतला जाऊनही तिचं ते सुटलं नव्हतं. मला त्याचाही राग आला. शिष्ट असती तर राग करायला सोपं गेलं असतं.

"ठेवा. बघते," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी वाचलं. पानाच्या खालच्या चौकटीत लिहिलं होतं: 'इन्सुलिन सिरिंज: नारिंगी टोपण. जितकी युनिट, तितक्या रेषा.' बस्स. एवढंच.

इथं जरा समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. इन्सुलिन युनिटमध्ये मोजतात. आपल्याकडं इन्सुलिनची छोटी काचेची बाटली मिळते, तिला आम्ही वायल म्हणतो. तिच्यात बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट असतात. पेनमध्ये घालायचं इन्सुलिन जास्त दाट, एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिट. म्हणून सिरिंजही दोन जातींच्या. चाळीसच्या वायलला लाल टोपणाची सिरिंज, शंभरच्या औषधाला नारिंगी टोपणाची. दोन्हींच्या रेषा वेगळ्या. चाळीसच्या वायलमधलं औषध नारिंगी सिरिंजमध्ये वीसच्या रेषेपर्यंत ओढलं, तर हातात वीस युनिट येत नाहीत, आठच येतात. सिरिंज दाखवते वीस, रोग्याला मिळतात आठ.

मस्कतला, चौगुले ज्या हॉस्पिटलात होती तिथं, सगळं शंभरचंच. चाळीसचा प्रकारच नाही. तीन वर्षं तिनं नारिंगी टोपणं काढली होती आणि रेषा बघून औषध भरलं होतं. तिथं ते अगदी बरोबर होतं. इथं परत आल्यावर हात तिथलाच राहिला. ही चूक तिकडं राहून आलेल्या नर्सचीच. इथली पोरगी पहिल्या महिन्यातच लाल टोपण ओळखते.

मला ती चूक पहिल्या वाचनात दिसली. पेन हातात होतं. 'यू-४०, लाल टोपण' एवढं समासात लिहायला किती वेळ लागतो? पाच सेकंद.

मी लिहिलं नाही. मी काय विचार केला ते स्पष्ट सांगते. दहा दिवसांनी इंटर्नल व्हायवा होता, म्हणजे तोंडी परीक्षा. सांगलीहून परीक्षक बाई येणार होत्या, फार कडक. त्या वायल आणि दोन्ही सिरिंजा मुलींपुढं ठेवतातच. सगळ्या मुली एकजात नारिंगी उचलतील. बाई विचारतील, हे कुणी शिकवलं? देसाई मॅडम शेजारीच बसलेल्या असतील. मग बघू पुढच्या वर्षी फार्माकॉलॉजी कुणाकडं जातं ते. आणि मुलींचं वॉर्ड पोस्टिंग व्हायवानंतर होतं, म्हणजे वर्गातली चूक वर्गातच राहील आणि वर्गातच सुधारेल. कुणाचं काय बिघडत नाही, असं मी स्वतःला पटवलं.

खाली लिहिलं, 'तपासले. एस. पोवार.' तारीख घातली.

संध्याकाळी निघताना तिनं परत विचारलं, "काय नव्हतं ना मॅडम?"

"काही नाही. छान आहे," मी म्हटलं.

तास झाला. मी मागच्या बाकावर बसले होते. तिनं बटाट्यात सुया टोचून दाखवल्या, मुलींना टोचायला लावल्या, एकीला इन्सुलिन केलं, एकीला साखर केलं, एकीला पेशीचं दार. दार झालेली मुलगी हसून हसून खाली बसली. तास संपल्यावर टाळ्या वाजल्या. एकोणीस वर्षांत मला कधी टाळ्या मिळाल्या नव्हत्या. मागून कुणीतरी कुजबुजलं, "नाद खुळा शिकवत्यात राव." मी वहीत नोंद करत असल्यासारखी खाली मान घालून बसले. वाजवा टाळ्या, म्हटलं, दहा दिवस वाजवून घ्या.

मग तिसऱ्या दिवशी मुलांच्या वॉर्डात रंगकाम निघालं. सगळी पोस्टिंगं उलटसुलट झाली आणि सेकंड इयरची एक तुकडी व्हायवाच्या आधीच पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात गेली. ऑफिसनं लावलेली नोटीस मी वाचली. नोटिशीसमोर मी चांगली दोन मिनिटं उभी होते. तेव्हा तरी सांगायला पाहिजे होतं. चौगुले कँटीनमध्ये चहा पीत होती, मी तिच्याकडं निघालेही. तर तिच्याभोवती सहा-सात मुली, आणि एकीनं तिच्यासाठी घरून आंबोळ्या आणलेल्या. मी तशीच मागं फिरले. वॉर्डात लाल सिरिंजच असतात, नारिंगी कुठून येणार, असं मनाशी म्हटलं.

नारिंगी सिरिंज वॉर्डात आली कशी, ते मला नंतर कळलं. वॉर्डातल्या लाल सिरिंजा शनिवारी संपल्या होत्या आणि स्टोअरमधून यायच्या होत्या. मुलींकडं मात्र बटाट्यांवर सरावासाठी आणलेला नारिंगी सिरिंजांचा डबा होता. तोच डबा मुली वॉर्डात घेऊन गेल्या होत्या.

चार दिवसांनी, दुपारी एकच्या सुमाराला, मी हजेरीवर सही करायला त्या वॉर्डात गेले. काउंटरवर रेसिडेंट डॉक्टर फाइल उघडून वैतागलेले.

"मॅडम, तुम्ही फार्मा शिकवता ना? मग हे सांगा मला. या पेशंटला दर जेवणाआधी वीस युनिट चालू केलं. साखर साडेतीनशेच्या खाली येईना. सव्वीस केलं. येईना. काल चौतीस केलं. तरी तीनशे. पाणी टोचतोय काय आपण?"

मी हजेरीची वही मिटली.

"कोण पेशंट?"

"सहा नंबर. पाटील. पायाच्या जखमेचे."

शिवगोंडा पाटील शिरोळकडचे. साठीचे, धिप्पाड. गावच्या दूध संस्थेत दुधाची फॅट काढायचं काम करायचे. सगळा वॉर्ड त्यांना आप्पा म्हणायचा. पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि साखर उतरल्याशिवाय ती भरणार नव्हती. ताट पुढ्यात होतं, दोन घास खाऊन त्यांनी ते सरकवून ठेवलं होतं.

"आप्पा, इंजेक्शन झालं काय?"

"झालं की, तास हुईत आला आसंल." ते उशीला टेकले. "मॅडम, येक इचारू? घरात मी सोताच टोचून घेतोय, चार वर्सं झाली. माजी सुई तांबड्या टोपणाची आसती. हितं चार दिस ही नारिंगी टोचत हुती. मी म्हटलं, मोठ्या दवाखान्यात येगळं आसंल. आन आज परत तांबडी आली. हे कसं काय?"

सगळं एका दमात समजलं. चार दिवस नारिंगी. कागदावर वीस, अंगात आठ. कागदावर चौतीस, अंगात तेरा-चौदा. साखर कशी उतरेल? डॉक्टरांना वाटलं औषध पुरत नाही, म्हणून ते वाढवत गेले. आणि आज स्टोअरमधून लाल सिरिंजा आल्या. आज पहिल्यांदा लिहिलेले चौतीसच्या चौतीस अंगात गेले. आणि आप्पांनी खाल्लं होतं दोन घास.

मी काउंटरकडं पळाले. पन्नाशी ओलांडल्यापासून मी पळाले नव्हते.

"डॉक्टर, साखर जाणार खाली. आधीचे डोस सगळे निम्म्याहून कमी गेलेत. आजचा पूर्ण गेलाय."

"कशावरून?"

"सिरिंज चुकीची होती. नंतर सांगते. आधी शुगर बघा."

ग्लुकोमीटर लावला. एकशे दहा. वाचायला छान आकडा. पण सकाळी तीनशे होती आणि ती अजून खाली जात होती. हे साधं इन्सुलिन अर्ध्या तासात सुरू होतं आणि दोन-तीन तासांनी पूर्ण जोरात येतं. म्हणजे जोर अजून यायचाच होता. मी आप्पांना साखरेचं पाणी दिलं. ते अर्धा पेला प्याले आणि उलटी झाली. पाऊण तासात कपाळावर घाम फुटला, हात थरथरायला लागले. "मॅडम, कसंतरीच हुतंय," म्हणाले आणि बोलणं जडावलं. शुगर अठ्ठेचाळीस.

शिरेतून ग्लुकोज द्यायला हवं होतं, पण हाताची शीर सापडेना. सिस्टरनं दोनदा टोचलं, मी एकदा. तिन्ही फुकट. तेवढ्यात चौगुले आली, मुलींनी तिला बोलावून आणलं होतं. तिनं आप्पांचा हात वळवला, मनगटाच्या कडेला दोन बोटं फिरवली आणि एका फटक्यात शीर धरली. ग्लुकोज गेलं. पाच-सात मिनिटांत आप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "काय गर्दी केलीसा एवढी?"

आणि मी तुम्हाला सांगते, माणूस वाचला त्याच क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हिला शीर पहिल्याच प्रयत्नात मिळाली. मला मिळाली नाही. माझी मला लाज वाटली, पण आलं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देसाई मॅडमच्या केबिनमध्ये चौकशी. मी, चौगुले, वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर, आणि इंजेक्शनं भरणारी विद्यार्थिनी रेश्मा. रेश्मा कागलची, हुशार, माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसणारी. रडून तिचे डोळे सुजले होते.

चौगुलेनं सरळ कबूल केलं. "चूक माझी हाय, मॅडम. तिकडं शंभरचंच असायचं. चाळीसचं लिहायचं डोक्यातच आलं नाही." "रेश्मानं मी शिकवलं तसंच केलं. तिला काय करू नका."

सिस्टर म्हणाल्या, "आमचीबी चूक हाय. डबा ट्रेतच ऱ्हायला, संध्याकाळचं डोस आमी त्यातनंच दिलं. घाईत रेष बघितली, टोपण न्हाय बघितलं."

देसाई मॅडमनी टेबलावरचा कागद उचलला. रंगीत, सुंदर, एक पानाचा. त्यांनी रेश्माला विचारलं, "वायलवर चाळीस लिहिलेलं असतं. सिरिंजवर शंभर. तू वाचलं नाहीस?"

"वाचलं, मॅडम."

"मग?"

रेश्मा माझ्याकडं बघायला लागली. तिनं बघू नये असं मला वाटत होतं.

"मला शंका आलेली. पहिल्याच दिवशी. होस्टेलवर सगळ्यांना मी बोललो पण, की हे जुळत न्हाय. चौगुले मॅडम नवीन हायत, चुकल्या असतील, असं पण म्हटलं." तिनं नाक पुसलं. "मग खाली पोवार मॅडमची सही बघितली. म्हटलं, मॅडमनी तपासलंय म्हणजे चुकीचं असायचंच न्हाय. आमचंच कायतरी चुकत असणार. मॅडम कधी चुकत न्हाईत."

सहा महिने मी मोजत बसले होते, कोण कुणाच्या डब्यात भाजी वाढतं ते. आणि या मुली माझ्या सहीपुढं स्वतःचे डोळे खोटे मानत होत्या. हे मला माहीतच नव्हतं. कळलं ते असं.

देसाई मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पोवार मॅडम, तुमच्या नजरेतून सुटलं असणार. एवढे कागद येतात. होतं कधी कधी."

सुटकेचं दार उघडं होतं. "हो" म्हटलं असतं की सुटले असते. नजरचूक लिहिली गेली असती, चूक चौगुलेच्या नावावर राहिली असती, आणि फार्माकॉलॉजी माझ्याकडं. मला जे हवं होतं ते सगळं एका 'हो' मध्ये होतं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं.

रेश्मा अजून माझ्याकडंच बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "सुटलं नाही. मला दिसलं होतं."

"म्हणजे?"

"चूक दिसली होती. तरी सही केली. व्हायवाला चौगुलेंची फजिती व्हावी म्हणून."

देसाई मॅडमनी चष्मा काढला. सिस्टरांनी "अगं आई गं" म्हटलं. चौगुले नुसती माझ्याकडं बघत राहिली. रेश्मानं मान खाली घातली आणि परत वर केली नाही. मला कुणी काय बोललं असतं तरी चाललं असतं, पण ती मान मला सहन झाली नाही.

बाहेर व्हरांड्यात चौगुलेनं मला अडवलं.

"मी तुम्हाला दोनदा विचारलेलं. दोनदा."

"व्हय."

"मग का?"

"जळत होते तुझ्यावर."

"माझ्यावर?" तिला खरंच कळेना. "माझ्यावर जळण्यासारखं काय हाय ओ? वर्गात उभारलो की पाय लटलटत्यात माझं. गप्प बसल्या पोरी की जास्तच भ्या वाटतंय, म्हणून हसवत असतोय." मग ती म्हणाली, "आप्पा गेलं असतं तर मी जन्मभर मीच मारलं म्हणून बसलो असतो. खरं काय ते तुम्हाला ठावं असतं, आणि मला न्हाय."

ती वळून वर्गाकडं गेली.

दुपारी मी आप्पांकडं गेले. आता ते उठून बसले होते आणि भाकरी कुस्करून खात होते. काय झालं, कुणामुळं झालं, सगळं सांगितलं. माझं नाव गाळलं नाही. त्यांनी घास खाली ठेवला.

"तीस वर्सं फॅट काढतोय मी. माप चुकलं म्हंजे चुकलं. पर जाणूनबुजून कुणी चुकवलं तर गावात त्येला आमी संस्थेच्या पायरीवर उबं करत न्हाई." मग म्हणाले, "तुमी आला सोताहून. बरं केलंसा. पर परत माज्या हाताला सुई लावू नगा. ती वडगावची पोरगी यिऊ दे."

मी "बरं" म्हटलं. लावली नाही.

मला लेखी मेमो मिळाला. त्या आठवड्यात चौगुले आणि मी, दोघींनी मिळून सगळ्या मुलींना परत वॉर्डात नेऊन दोन्ही वायली, दोन्ही सिरिंजा हातात देऊन शिकवलं. दोघींनी एकमेकींशी एक शब्द न बोलता. पुढच्या वर्षी फार्माकॉलॉजी तिच्याकडं गेलं. मी आता फर्स्ट इयरला चादरीचा कोपरा शिकवते. बरा शिकवते. मुलींना अजून झोप येते.

या गोष्टीतून काय शिकायचं ते दोन वाक्यांत सांगता येतं. दुसऱ्याची चूक दिसली की त्याच क्षणी सांगायची. आपल्या मनात त्याच्याबद्दल काय चाललंय, ते नंतर बघायला पुष्कळ वेळ असतो.

मला वाटलं होतं, आता माझ्याकडून कुणी काही तपासून घेणार नाही. जूनमध्ये चौगुले माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात हेपॅरिनचा कागद. हेपॅरिन रक्त गोठू देत नाही, तेही धोक्याचंच औषध. ती बसली नाही, हसलीही नाही.

"देसाई मॅडम म्हणाल्या, कुणाकडनंबी तपासून घ्या. मी तुमच्याकडं आणलंय."

"माझ्याकडं का?"

"चूक तुम्हालाच दिसती म्हणून. दिसली तर ह्या बारीला सांगा."

ती निघून गेली. मी दार लावून तो कागद तीन वेळा वाचला. एकेक आकडा, एकेक टिंब पुस्तकाशी ताडून बघितलं. एकही चूक सापडली नाही. मला फार वाईट वाटलं. मग मी सही केली.